मावशीला आवाज जात नाही

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव नाही, कुणाच्या मित्राच्या मित्राची तर मुळीच नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडली, आणि मी तिथे होतो.

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी आधी ठेवला नव्हता.

भुतंखेतं मध्यरात्रीच बाहेर पडतात अशी आपली समजूत असते. मावशीकडे जे झालं ते दुपारी झालं. जेवणानंतरच्या कॉफीच्या वेळी, लख्ख उजेडात. गेल्या हिवाळ्यात, नेगोटिन शहराच्या वर डोंगरात असलेल्या ग्राबोवो गावात.

मी मोमा. नेगोटिनला एका टेलिफोन कंपनीच्या तक्रार केंद्रात काम करतो. दिवसभर कानाला फोन आणि तोंडात एकच वाक्य... बंद करा, जरा थांबा, परत चालू करा. बायको म्हणते, आपल्या लग्नात पाद्री अडखळला तेव्हा तू त्यालासुद्धा हेच सांगणार होतास. सांगायचा मुद्दा, मी वायरी आणि डबे यांच्यावर विश्वास ठेवणारा माणूस आहे. होतो.

देसांका मावशी ही आईची धाकटी बहीण. तिचा नवरा, तोझाकाका, नोव्हेंबरात गेला. घराखाली तळघर आहे, तिथे वाइनची पिंपं असतात. ती बघायला म्हणून खाली उतरला आणि वर आलाच नाही. मावशी तेव्हा परसात कोंबड्यांपाशी होती. बराच वेळ झाला म्हणून बघायला गेली, तोवर सगळं संपलं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी विदा. ती व्हिएन्नाला एका वृद्धाश्रमात काम करते. आमच्याकडे घरटी एक माणूस तिकडे असतोच. गावात उरलेत म्हातारे, कोंबड्या, आणि तिकडच्या पैशांवर बांधलेली कुलूपबंद घरं.

बापाला पोचवून विदा परत गेली. जाताना एवढंच ठरलं, की काकाच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला की आईला व्हिएन्नाला न्यायचं. खोली तयार होती, पडदेसुद्धा लावले होते. मावशी म्हणाली, "बघू."

आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही.

विदाला ते कळत होतं. तिला एकच घोर लागला होता. आई त्या घरात एकटी राहिली तर हातची जाईल.

म्हणून ती रोज दुपारी फोन करायची.

आणि गडबड तिथेच सुरू झाली...

"मोमा, आईचा फोन बिघडलाय," विदाने मला फोन करून सांगितलं. "तिचा आवाज मला येतो, अगदी स्वच्छ. माझा तिला जात नाही. नुसती हॅलो हॅलो करते, रडकुंडीला येते आणि ठेवून देते."

"मग मोबाइलवर कर."

"ग्राबोवोत सिग्नल कुठे मिळतो ते विसरलास वाटतं."

विसरलो नव्हतो. त्या गावात सिग्नल एकाच जागी मिळतो. वर टेकडीवर, दफनभूमीत. आमच्याकडे मेल्याशिवाय मोबाइल लागत नाही, अशी गावाची जुनी थट्टा आहे. मावशीचे गुडघे गेलेले. रोज कोण चढणार?

"राउटरचा दोष आहे," मी म्हणालो. "रोज येतात अशा तक्रारी. तिला सांग, डबा बंद करून—"

"सांगू कशी? तिला ऐकू येत नाही म्हणतेय ना मी?"

बरोबर होतं. 

 

"अजून एक आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "हसणार नसशील तर सांगते."

"सांग."

"मागे कुणीतरी असतं."

"कुठे मागे?"

"आईच्या मागे. घरात. खुर्ची ओढतं. कपात चमचा फिरवतं. आणि खोकतं... दोनदा, मग घसा साफ करतं. मोमा, असं कोण खोकायचं?"

मला माहीत होतं. सगळ्या खानदानाला माहीत होतं.

"टीव्ही असेल," मी म्हणालो.

"सुतकाच्या चाळीस दिवसांत कुणी टीव्ही लावतं का?"

"मग शेजारची रादोयका असेल."

"रादोयकाला डॉक्टरने कॉफी बंद केलीय. आणि ती पुरुषासारखी खोकत नाही."

मी म्हणालो, तू थकली आहेस, झोप. फोन ठेवला आणि कॉफी आणायला उठलो. मग परत बसलो. आणि मावशीचा नंबर लावला.

"हॅलो?" मावशी. "विदा? तूच ना? काही ऐकू येत नाही गं... हॅलो?"

"मावशी, मी मोमा."

"हॅलो? कोण आहे? बोला की हो."

माझा आवाज तिला जात नव्हता. ठीक. ते अपेक्षित होतं.

मग मी बोलायचं थांबलो आणि नुसतं ऐकलं...

किण. किण. किण.

कपावर चमचा.

खुर्ची सरकली.

आणि कुणीतरी खोकलं. दोनदा. मग घसा साफ केला.

मी स्वतःला सांगितलं, दोन लाइनी एकमेकींत मिसळल्या असतील. पण इंटरनेटच्या फोनमध्ये लाइनी तशा मिसळत नाहीत. हे मी स्वतःच रोज लोकांना सांगतो.

शनिवारी दुपारी मी ग्राबोवोला गेलो. मावशी फाटकात उभी होती. काळे कपडे, काळा रुमाल. पंधरवड्यापूर्वी पाहिली होती त्याहून निम्मी झाली होती.

"एवढ्या लांब आलास," ती म्हणाली. "फोन तर करायचास."

"केला होता, मावशी."

"हो का? मला नाही काही ऐकू आलं."

आत सगळं रीतीप्रमाणे होतं. खिडकीत गेलेल्या काकासाठी पाण्याचा पेला. आरशावर काळं कापड, टीव्हीवर काळं कापड. आणि कोपऱ्यातल्या कपाटावर... तिसरं काळं कापड.

"त्याच्याखाली काय आहे?"

"तो डबा. त्यातून बोलणं येतं ना, तो."

"तो कशाला झाकलास?"

"अरे, आरसा झाकायचा, टीव्ही झाकायचा आणि ज्यातून आवाज येतात तो डबा उघडा ठेवायचा?" मावशी माझ्याकडे अशी बघायला लागली, की शिकूनसवरून हा असा कसा राहिला. "काका घरात आहे अजून. चाळीस होईपर्यंत असतोच. त्याची वाट चुकायला नको."

मी कापड उचललं. खाली मावशीने स्वतः विणलेला पांढरा जाळीचा रुमाल. त्याच्या खाली एकावर एक दोन राउटर. आणि दोन्ही शेगडीसारखे तापलेले.

मला हसूच आलं. दोन! एक आमच्या कंपनीचा. दुसरा विदाने व्हिएन्नाचं घर बदललं तेव्हा टाकून दिलेला. तोझाकाकाने तो गाडीतून आणला आणि आमच्या डब्याच्या मागे जोडून फोन त्यात खुपसला. का? तर ऑस्ट्रियाचा आहे, आपल्यापेक्षा चांगलाच असणार. या भागातल्या अर्ध्या तक्रारी अशा ऑस्ट्रियाहून आलेल्या असतात.

राउटर म्हणजे फाटकावरचा राखणदार समजा. घरातून बाहेर जाणाऱ्याला तो अडवत नाही. बाहेरून आत येणाऱ्याला मात्र विचारतो, तू कोण, कुणाकडे आलास? एकामागे एक दोन राखणदार बसवले तर बाहेरून आलेला आवाज पहिल्या फाटकातून सुटतो आणि दुसऱ्यावर अडकतो. मावशीचं बोलणं बाहेर जात होतं. आमचं आत येत नव्हतं. त्यात वरून कापड घालून दोघांना भाजून काढलेलं. एवढी साधी गोष्ट होती.

खोकल्याचं काय, ते मी मनातसुद्धा विचारलं नाही.

तेवढ्यात रादोयका आत आली. हातात भरलेल्या मिरच्यांचं भांडं. तिने माझ्या हातातलं काळं कापड पाहिलं आणि ती दारातच थांबली.

"घाल परत," ती म्हणाली.

"रादोयकाबाई, डबा तापलाय. घर पेटेल."

"पेटू दे. चाळीस झालेले नाहीत. कापड घाल."

मी आधीच वैतागलेलो. "तुम्ही मिरच्या बघा, मी डबा बघतो."

तिने भांडं टेबलावर ठेवलं आणि मावशीचा हात धरला.

"देसांका, नीट ऐक. कुणी हाक मारली तर ओ देऊ नकोस. कुणीही मारू दे."

आणि निघून गेली.

मी ऑस्ट्रियाचा डबा सोडवला. फोन आमच्या डब्यात लावला. त्यातली एक सेटिंग, जी फोनला मदत करायच्या नावाखाली उलट घोळ घालते, तीही बंद केली. सगळं बंद करून परत चालू केलं. हिरवा दिवा लागला. काळं कापड घडी करून खणात ठेवलं.

विदाचा फोन आला.

"आई?"

मावशीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "विदा... अगं, ऐकू आलीस तू." आणि रडायलाच लागली.

दोघींचं बोलून झाल्यावर मी फोन घेतला आणि खालच्या आवाजात विचारलं, "मागे काही?"

"काही नाही," विदा म्हणाली. "अगदी शांत. तुम्ही दोघंच."

मी खूश झालो. मिरच्या खाल्ल्या, वाइन प्यायलो, मावशीने दिलेली अंडी गाडीत ठेवली आणि शीळ घालत घरी आलो.

सोमवारी कामावर मावशीचा फोन आला.

"मोमा, मला ऐकू येतंय."

"छान झालं की."

"तुमचं नाही रे."

मी टाइप करत होतो. हात तिथेच राहिला...

"त्याचं," मावशी म्हणाली. "तू गेलास आणि सुरू झालं. तळघराच्या दाराशी येतो आणि हाक मारतो. देसा, कुठे आहेस गं? मी म्हणते, इथे आहे. तो परत विचारतो. मग ओसरीवर जातो. देसा, कुठे आहेस गं? मी मागे मागे जाते. इथे आहे, इथे आहे म्हणते. त्याला ऐकूच येत नाही."

"मावशी, तू थोडे दिवस आमच्याकडे ये."

"त्या दिवशीही त्याने हाक मारली असणार, मोमा. खालून. मी कोंबड्यांपाशी होते. वारा होता. मला नाही आली ऐकू." ती थांबली. "एकाचं दुसऱ्याला ऐकू जातं, दुसऱ्याचं पहिल्याला जात नाही. हे तुझ्याच कामातलं ना? तू दुरुस्त केलंस ना परवा? मग एवढंही कर."

 आयुष्यात हजारो तक्रारी ऐकल्या, पण अशी कधी ऐकली नव्हती. मला मावशीची इतकी कणव आली की मी जागेवरून उठून बाहेर गेलो.

त्यानंतर रोज तेच. दिवसभर ओ देऊन देऊन तिचा घसा बसला. विदा फोनवर विनवायची, आई, आत्ताच ये, मी तिकीट काढते. मावशीचं उत्तर एकच. "आणि तो घरभर मला शोधत फिरेल, त्याचं काय?"

चाळिसाव्याला विदा आली. गाडी घेऊन. आईची बॅग तिने सकाळीच भरली आणि दारात ठेवली.

"आज नेतेच," ती मला म्हणाली. "उचलून न्यावं लागलं तरी."

वर दफनभूमीत पाद्रीने प्रार्थना म्हटली. रीतीप्रमाणे काकाच्या नावाने गोड गहू वाटले. मेणबत्त्या लावल्या, जमिनीवर दारू ओतली. थंडी हाडात शिरत होती. लोक खाली उतरले. आम्ही तिघंच उरलो.

मावशी थडग्यापाशी उभी होती. म्हणाली, "मोमा, इथे तुझा मोबाइल लागतो ना?"

"लागतो."

"घरी लाव."

"घरी कोण आहे, मावशी?"

तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

"आई, पुरे आता," विदा म्हणाली.

"एकदाच. मग तू म्हणशील तिथे येते. गाडीत बसते. तुझ्या बापाच्या थडग्यावर हात ठेवून सांगते."

विदाने डोळे मिटले. मग मला मानेने खूण केली. लाव.

मी लावला.

रिंग वाजत होती. खाली, रिकाम्या घरात. घराला कुलूप होतं, किल्ली विदाच्या खिशात होती. वाजत राहिली... वाजत राहिली...

आणि थांबली.

फोन कट झाला नव्हता. उचलला गेला होता.

हा फरक मला कळतो. उघड्या लाइनीत खोलीचा आवाज असतो. शेगडीत लाकडं तडतडत होती.

मावशीने माझ्या हातातून मोबाइल घेतला.

"तोझा?" ती म्हणाली. "मी इथे आहे. वर आलेय. तुझ्यापाशी उभी आहे."

 वारा... मेणबत्तीची ज्योत...

मग तिचा चेहरा बदलला. इतके दिवस आवळून धरलेला चेहरा सुटला. विदाचा आवाज पहिल्यांदा आला होता ना, त्या दिवशी होता अगदी तसा.

"हो," ती म्हणाली. "हो. आता येतंय ना ऐकू? थांब तिथेच. येतेच मी."

तिने मोबाइल माझ्या हातात दिला. लाइन बंद झाली होती.

"झालं समाधान?" विदाने तिचा हात धरला. "चल आता."

मावशीने हात हळूच सोडवून घेतला आणि उतरायला लागली. त्या गुडघ्यांनी. भराभर.

"आई, हळू. आई..."

वळली नाही.

आम्हाला वाटलं, हट्ट. घरी पोचलो. फोन जागेवर नीट ठेवलेला. मावशीने कॉफीचं भांडं चढवलं. विदाने बॅग तिच्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाली, "आई, तू शब्द दिलायस." मावशीने बॅगेला वळसा घातला आणि साखर काढली.

मी मागून जाऊन तिच्या कानाजवळ जोरात टाळी वाजवली.

तिची पापणीसुद्धा लवली नाही.

आणि मग ती ओसरीकडे बघून हसत म्हणाली, "किती चमचे? अजून तेवढीच गोड लागते?"

तिकडे कुणी नव्हतं. विदाने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं उमटली.

नेगोटिनच्या डॉक्टरने तपासलं. कान ठणठणीत आहेत म्हणाला. धक्का बसलाय, येईल ऐकू हळूहळू. विदाने तिला गाडीत बसवूनही पाहिलं. मावशी शहाण्यासारखी बसली. गावाची हद्द आली तशी काचेवर बोटांनी वाजवायला लागली. ओरडणं नाही, रडणं नाही. नुसतं टक टक, टक टक. विदाने गाडी वळवली तेव्हाच थांबली.

विदा म्हणाली, आठवडाभर थांबते. मग महिना झाला. मग तिने व्हिएन्नाची नोकरी सोडली.

जानेवारीत मी पुन्हा गेलो. हट्टाने राउटरचा प्लग उपटला. डबा सोडवून हातात घेतला. वायर लोंबत होती, दिवा विझला होता... आणि स्वयंपाकघरात मावशी कुणाला तरी सांगत होती की छपराची दोन कौलं सरकलीत, उन्हाळ्याआधी बघायला हवं. मध्ये थांबत होती. ऐकत होती. हसत होती.

मी डबा परत जोडला. विदाला निदान फोन तरी हवा होता.

ती रोज दुपारी मला फोन करायची. दुसरं होतं कोण तिला बोलायला?

"मी तिच्यासमोर बसते," ती सांगायची. "ती माझ्या केसांवरून हात फिरवते. ताटात वाढते. पण माझा आवाज पोचत नाही रे. एकदा नाव घेतलं ना माझं, तरी पुरे."

मग दर वेळी तोच प्रश्न. "मोमा, खरं सांग. तुला ऐकू येतो का तो?"

"नाही गं. लाइन स्वच्छ आहे."

खोटं होतं ते.

मला दोघंही ऐकू यायचे. विदाच्या पाठीमागे. चमचा, खुर्ची, खोकला. आता तर बोलणंसुद्धा. तो मावशीला चिडवायचा, सूप खारट झालंय म्हणून. ती म्हणायची, मग समुद्रावर जाऊन जेव. तो जिवंत असताना ती दोघं एकमेकांशी इतकं कधी बोललेली मला आठवत नाहीत. विदा त्यांच्या मधोमध बसलेली असायची आणि तिला त्या बोलण्यातलं फक्त आईचं अर्धं ऐकू यायचं. हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?

मार्चच्या सुरुवातीला, विदा बोलत असताना, तिच्या मागे तो म्हणाला...

"विदा. कुठे आहेस गं?"

विदा बटाट्यांच्या भावाबद्दल बोलत होती. तिला काही कळलं नाही.

"विदा?"

"काय झालं? गप्प का झालास?" विदाने मला विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "विदा, तू परत जा. व्हिएन्नाला. रादोयका बघेल मावशीकडे, मी बघेन."

"आईला टाकून?"

"जा म्हणतो ना."

"तू सुद्धा ना, मोमा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खरं सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. सांगून काय झालं असतं? तिने कान देऊन ऐकायला सुरुवात केली असती. मला तेच नको होतं.

गेल्या बुधवारी तिचा फोन आला. आवाजात कितीतरी महिन्यांनी हसू होतं.

"मोमा, अरे, आज काय झालं माहितीये? मी मागे कपडे वाळत घालत होते. घरातून हाक आली. माझ्या नावाने!"



"आईच. दुसरं कोण असणार घरात? इतक्या दिवसांनी माझं नाव घेतलं रे तिने..."

"विदा, तू ओ दिलीस?"

"म्हणजे काय? चिमटे टाकून धावत आले. आले, आले म्हणत."

"आवाज मावशीचा होता? नीट आठव. बाईचा होता का?"

लाइन उघडी होती.

"विदा?"

"मोमा?" ती म्हणाली. "हॅलो?"

"आहे, मी आहे. बोल."

"मोमा, आहेस का? हॅलो? अरे, तुझा आवाज येत नाहीये."

"विदा! विदा, मी ऐकतोय, तू घराबाहेर पड. आत्ता. रादोयकाकडे जा!"

"हॅलो? काय झालं या फोनला..."

मी ओरडत होतो. ऑफिसातली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली होती. ती तिकडे हॅलो हॅलो करत होती. मग तिच्या मागे कुणीतरी खोकलं. दोनदा. घसा साफ केला. काहीतरी म्हटलं, ते मला नीट कळलं नाही.

विदाला कळलं.

तिने रिसीव्हर तोंडापासून लांब नेला आणि म्हणाली, "आले बाबा."

आणि फोन अगदी सावकाश ठेवला.

आता लावला तर रिंग जाते. कुणी उचलत नाही. काल रादोयका टेकडी चढून दफनभूमीत गेली आणि तिथून मला फोन केला. घर नीट आहे म्हणाली. धुराड्यातून धूर निघतो, दोरीवर कपडे असतात. दोघी ओसरीवर बसल्या होत्या, मजेत बोलत होत्या. तिने फाटकातून हाका मारल्या. एकीनेही मान वर केली नाही.

"तू येतोस का?" तिने विचारलं.

येतो म्हणालो. गाडीत पेट्रोल आहे, बायकोने डबा भरून ठेवलाय. सकाळपासून दोनदा बूट घातले आणि काढले. मला जायला हवं, माझ्याशिवाय विदाला कोण आहे? पण मला भीती वाटते. भुताची नाही. मी तिच्यासमोर उभा राहून तिला हाक मारेन, आणि ती मला बघून हसेल, कॉफी पुढे करेल, आणि तिला माझं काहीच ऐकू येणार नाही.